कॅप्टनच्या छातीवरच्या तीन फिती

टिल्डेच्या नावाचे पत्र आले तेव्हा तिला पुरून अकरा दिवस झाले होते.

एवाल्ट कोट्झीपरने पाकीट पाव कापायच्या सुरीने उघडले, उभ्यानेच वाचले आणि परत घडी घातली. दगडकाम करणारा हॉर्स्ट टेबलाशी बसून कॉफीत साखर ढवळत होता. तो गल्लीतलाच, लहानपणापासूनचा.

"काय लिहिलंय?"

"जळालं म्हणतात."

"काय जळालं?"

"सगळे कागद. जुन्या फौजेतल्या अधिकाऱ्यांचे. पंचेचाळीसच्या एप्रिलात पॉट्सडामला बॉम्ब पडले, त्यात गेले. नुसत्या फोटोवरून माणूस ओळखता येणार नाही, क्षमस्व."

"त्रेचाळीस वर्षांपूर्वी जळालेलं सांगायला सात आठवडे घेतले?" हॉर्स्टने चमचा बशीत ठेवला. "बरं झालं तिनं वाचलं नाही."

एवाल्टला तसे वाटले नाही. टिल्डेने वाचले असते, 'हं' म्हटले असते आणि जेवण झाल्यावर पुढचे पत्र लिहायला घेतले असते.

हॉर्स्टने खिशातून पाठकोरा कागद काढला. "नाव आणि सालं लिहून घेतलीत. खाली जन्मनाव हाल्बाखच ना?"

एवाल्टने पत्र परत पाकिटात घातले.

"कचेरीत तशीच नोंद आहे."

"हाल्बाख नको म्हणाली होती ती."

"मग काय घालू?"

"खरं नाव मिळालं तर ते. नाहीतर जागा कोरी ठेव म्हणाली."

"कोरी? लोक म्हणतील हॉर्स्ट म्हातारा झाला, अक्षरं विसरला." त्याने उरलेली कॉफी संपवली. मग कागद घडी करून खिशात ठेवला. "माती बसायला वसंत उजाडेल. तोवर दगड माझ्या अंगणात राहील. मार्चच्या पुढं मात्र मला थांबवू नकोस. इतर गिऱ्हाइकंही मरतात."

हॉर्स्ट गेल्यावर एवाल्टने फडताळावरचा फोटो उचलला. त्रेपन्न वर्षांच्या संसारात त्याने तो रोज पाहिला होता आणि नीट असा कधीच पाहिला नव्हता.

टिल्डे १९१८ च्या ऑगस्टमध्ये जन्मली. जन्मनोंदीत बापाच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. टिल्डे तीन वर्षांची असताना आई लीना क्षयाने गेली. पुढे ऑगुस्टे मावशीने वाढवले, आणि वाढवताना दर चार दिवसांनी ऐकवले, "हाल्बाख हे नाव आमचं आहे. तुला उसनं दिलंय." लीनाकडची पत्रे मावशीने चुलीत घातली. फोटो तेवढा ठेवला, कारण चौकट अक्रोडाच्या लाकडाची होती. "हा तुझा बाप," एवढेच लीना मुलीला सांगून गेली होती. नाव सांगितले असेलही. तीन वर्षांच्या पोरीच्या ते लक्षात राहिले नाही, आणि याचा राग टिल्डेने आयुष्यभर स्वतःवर धरला.

फोटोत पस्तिशीचा एक कॅप्टन होता. डोक्यावर टोपी नव्हती. डावा कान उजव्यापेक्षा बाहेर आलेला, टिल्डेचा होता तसाच. खांद्यावरचा रेजिमेंटचा आकडा लढाईतल्या नियमाप्रमाणे झाकलेला. फोटोच्या मागे ना स्टुडिओचा शिक्का, ना तारीख. छातीवर काडेपेटीएवढ्या लांबीची एक पट्टी, आणि तिच्यावर शेजारी शेजारी तीन फिती. माणसाची ओळख सांगणारे तेवढेच काय ते उरले होते.

त्या फिती घेऊन टिल्डे सहा वर्षांपूर्वी गुरुवारच्या टेबलाकडे गेली होती. गावातल्या खानावळीत दर गुरुवारी जुनी पदके जमवणारे चार-पाच जण बसत. त्यांचे प्रमुख डॉक्टर क्युल्पमान, निवृत्त दंतवैद्य. त्यांनी भिंग लावून पाहिले आणि एका दमात सांगितले: पहिली फीत लोखंडी क्रॉसची. दुसरीही तशीच काळी-पांढरी, म्हणजे होहेनझोलर्न घराण्याचा मोठा मान. तिसरी पांढरी, काठ लाल. म्हणजे हाम्बुर्ग शहराचा क्रॉस. तेव्हा माणूस हाम्बुर्गच्या रेजिमेंटमधला.

टिल्डेने हाम्बुर्गला पत्रे लिहायला सुरुवात केली. शाळेच्या वहीत प्रत्येकाची नोंद ठेवली. एक्केचाळीस झाली. तो मोठा मान मिळवलेला असा कॅप्टन हाम्बुर्गला कुणाला सापडेना.

"मेलेला माणूस मेलेलाच राहतो, टिल्डे," एवाल्ट म्हणायचा. "कॉफी घे."

ती कॉफी घ्यायची आणि पुढचे पाकीट चिकटवायची.

आता त्याने ती वही उघडली. शेवटच्या नोंदीखाली तिने आपल्या तिरक्या अक्षरात लिहिले होते: 'फिती मोठ्या करून घेणे. मार्गोट.' आजारात ते राहून गेले असणार. त्याने टोपी घातली आणि फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून निघाला. नवऱ्याला करता येण्यासारखे एवढे एकच काम तिने मागे ठेवले होते.

मार्गोट छापखान्यातला मोठा कॅमेरा चालवायची. तिचा बाप आणि एवाल्ट फिती विणायच्या कारखान्यात तीस वर्षे शेजारच्या मागांवर उभे होते, त्यामुळे ती पन्नाशीला आली तरी याला काकाच म्हणायची.

"बसा काका. जेवताय ना वेळेवर?"

"जेवतो."

"काय जेवता?"

"पाव."

"आणि?"

"पावच. तू फोटो बघ आधी."

तिने फोटोवर पारदर्शक कागद पसरला आणि पेन्सिलीने फितींभोवती चौकोन काढू लागली. एवाल्ट खुर्चीतून उठला.

"अगं, गिरगटतेस काय त्यावर?"

"वरच्या कागदावर काढतेय. आणि पेन्सिल निळी आहे, काका. आमच्या फिल्मला निळं दिसत नाही. निळं म्हणजे तिच्या लेखी पांढरंच. म्हणून तर छापखान्यातल्या सगळ्या खुणा निळ्या पेन्सिलीनं."

"आणि लाल?"

"लाल म्हणजे काळं. तांबडं, नारिंगी, सगळं काळं. म्हणून आत लाल दिवा लावून काम करता येतं."

"ही फिल्म नवीन निघालीय का?"

"नवीन कसली! पूर्वी फोटो काढायच्या सगळ्याच काचा अशा होत्या. माझे मास्तर सांगायचे, निळ्या डोळ्यांची माणसं जुन्या फोटोत आंधळी दिसायची."

एवाल्ट परत बसला. त्याला थोरली बहीण आल्विने आठवली. सव्वीस साली तिचे लग्न झाले तेव्हा हा बारा वर्षांचा होता. बापाने तिच्यासाठी आठ बोटे रुंद निळा कंबरपट्टा घरच्या मागावर विणला होता. फोटो आला तर पट्टा पांढरा. आल्विनेची सासू मरेपर्यंत सांगत राहिली, सून पांढऱ्या पट्ट्यात आली म्हणून. घरात यावर सगळे हसायचे. टिल्डेही हसली होती.

मार्गोटने मोठी केलेली प्रत आणून दिली. फिती बोटाएवढ्या रुंद झाल्या होत्या. एवाल्टने खिशातून धागे मोजायचे भिंग काढले. अठ्ठेचाळीस वर्षे ते त्याच्या खिशात होते, निवृत्तीनंतरही त्याने ते काढून ठेवले नव्हते. बराच वेळ तो वाकून पाहत राहिला.

"काय झालं, काका?"

"पहिल्या फितीतलं पांढरं बघ. आता तिसरीतलं बघ. हे पांढरं नाही."

"थोडं मळकट दिसतंय."

"मळकट नाही. वेगळं सूत आहे. आणि ही पहिली आणि ही दुसरी. दोन्ही काळ्या, दोन्हींना पांढरे पट्टे. पण पट्ट्यांची रुंदी एक नाही."

"विणताना इकडेतिकडे झालं असेल."

"माणूस पिऊन येतो, मार्गोट. माग पिऊन येत नाही." त्याने भिंग मिटले. "तुमच्याकडं उंच शिडी आहे का? माझ्या बापाची वही माळ्यावर आहे."

एवाल्टच्या बापाने पहिल्या महायुद्धाची चार वर्षे घरी बसून पदकांच्या फिती विणल्या होत्या. तेव्हा जर्मनीत राजे आणि संस्थानिक पैशाला पासरी होते, आणि प्रत्येकाची पदके वेगळी. विणलेल्या प्रत्येक फितीचा बोटभर तुकडा बापाने वहीत चिकटवून खाली नाव लिहिले होते. त्या वहीत उजेड शिरला नव्हता, त्यामुळे रंग काल विणल्यासारखे होते.

आणि ती वही सहा वर्षे टिल्डेच्या डोक्यावर होती. खाली इस्त्रीच्या खोलीत, जिथे पूर्वी बापाचा माग होता, तिथेच बसून ती हाम्बुर्गला पत्रे लिहायची. वर जाऊन वही आणावी असे त्याला एकदाही सुचले नव्हते. पदकवाल्यांना कळते, आपल्याला काय कळते, असे तो धरून चालला होता. माळ्यावर गुडघे टेकून त्याने वहीवरची धूळ बाहीने पुसली. मग वही काखेत मारून खाली उतरला.

छापखान्यात दोघांनी पान न पान उलटले. एवाल्ट मोठ्या केलेल्या प्रतीवर पट्टी ठेवून मापे घेत होता. दुसऱ्या फितीतल्याएवढ्या रुंदीचे दोन पांढरे पट्टे असलेली फीत वहीत एकच निघाली. ती काळी नव्हती, नारिंगी होती. खाली बापाचे अक्षर: 'प्राण वाचवल्याचे पदक.' फिकट अंगाची आणि गडद काठांची फीत शोधताना त्याने आता निळे तुकडे पाहिले. निळी, काठ लाल. खाली लिहिले होते: 'ओल्डनबर्ग. क्रॉस.'

मार्गोटने तीन तुकडे ओळीने टाचले, फोटो काढला आणि लाल दिव्याच्या खोलीत गेली. एवाल्ट दाराबाहेर उभा राहिला. टिल्डेच्या वेळी इस्पितळातही तो असाच दाराबाहेर उभा होता.

"या आत," मार्गोट म्हणाली.

तिने ओली फिल्म उजेडाच्या काचेवर ठेवली, तिचीच एक प्रत काढली आणि ती जुन्या फोटोच्या प्रतीशेजारी सरकवली. नारिंगी काळी झाली होती. निळी पांढरी झाली होती, अगदी पांढरी नाही, त्या तिसरीसारखीच जराशी दुधाळ. लाल काठ काळे.

"एकच आहे, काका," ती म्हणाली. तिने हातमोजा काढून डोळे पुसले. "चला, आज माझ्याकडं जेवायचं. बटाट्याची भजी केलीत, सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर. पाव मिळणार नाही."

गुरुवारी तो खानावळीत गेला. टेबलाशी चौघे होते. डॉक्टर क्युल्पमान उठून उभे राहिले.

"हेर कोट्झीपर. फार वाईट झालं. बसा. हाम्बुर्गहून काही आलं का?"

"हाम्बुर्गहून काही येणार नाही," एवाल्ट म्हणाला आणि वही टेबलावर ठेवली. "तो हाम्बुर्गचा नव्हता."

शुल्टे नावाचा जाडा माणूस हसला. "ऐका. विणकर आता आपल्याला फिती शिकवणार."

"मग कोण शिकवणार? तुम्ही विकत घेतल्यात. आम्ही विणल्यात."

टेबलाशी बसलेले इतर दोघे हसले, शुल्टेला. एवाल्टने दोन प्रती मांडल्या, बापाचे तुकडे मांडले, आणि निळ्या पेन्सिलीपासून सगळे सांगितले. बोलायची सवय नसल्याने त्याला वेळ लागला. डॉक्टरांनी भिंग घेतले, ठेवले, परत घेतले. मग चष्मा काढला.

"मी तिला सहा वर्षं हाम्बुर्गला पाठवलं," ते म्हणाले.

"हो."

"दोन काळ्या फिती शेजारी दिसल्या, की मोठा मान. डोळे मिटून सांगतात सगळे. मीही सांगितलं." त्यांनी कोट उचलला. "कुणी जागेवरून हलायचं नाही."

त्यांचे घर दोन गल्ल्या पलीकडे होते. पाव तासाने ते परतले तेव्हा टक्कल पावसाने भिजले होते आणि कोटाच्या आत एक जाड पुस्तक होते: १९१४ सालची सैन्यातल्या अधिकाऱ्यांची छापील यादी. माणसांचे कागद जळाले, पण ही यादी घरोघरी कपाटात राहिली होती. प्रत्येक नावापुढे पदकांच्या बारीक खुणा. डॉक्टरांनी ओल्डनबर्गच्या पायदळाचे पान काढले आणि एकेका नावावरून बोट खाली आणू लागले. शुल्टेही उठून मागे येऊन उभा राहिला.

बोट थांबले. मग शेवटच्या नावापर्यंत जाऊन पुन्हा त्याच जागी आले.

"प्राण वाचवल्याचं पदक अख्ख्या रेजिमेंटमध्ये एकालाच आहे. तेव्हा लेफ्टनंट होता, लढाईत कॅप्टन झाला असेल." त्यांनी नाव मोठ्याने वाचले, वर्गात हजेरी घ्यावी तसे. "ओनकेन."

एवाल्टने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिले. टिल्डे ओनकेन.

"एक मात्र आहे," डॉक्टर म्हणाले. "यादीतून नाव मिळतं. चेहरा कुणीतरी माणसानंच ओळखायला हवा. या वेळी मी खात्रीनं काही सांगणार नाही."

"मी जाऊन येतो."

"गाडीभाडं टेबलाकडून," शुल्टे म्हणाला. एवाल्टने नकार दिला. मग शुल्टेने बिअर मागवली, ती मात्र घेतली.

ओल्डनबर्गच्या चर्चमधल्या बाईने लढाईत पडलेल्यांच्या यादीत नाव दाखवले: आयलर्ट ओनकेन, कॅप्टन, २१ मार्च १९१८. त्यांच्या भावाची मुलगी अजून आहे, म्हणाली. गेजीने ओनकेन, शाळेत शिक्षिका होत्या, लग्न केले नाही, वय एकोणऐंशी, जरा फटकळ आहेत, जपून.

गेजीनेबाईंनी दार अर्धेच उघडले. "काही विकायला आला असाल तर मला नकोय."

"विकायला नाही. दाखवायला आलोय."

त्यांनी त्याला आत घेतले, चहा ओतला, खडीसाखरेचा खडा कपात टाकला आणि तो तडकल्यावर कप त्याच्यापुढे सरकवला. एवाल्टने वर्तमानपत्र सोडून अक्रोडाची चौकट टेबलावर ठेवली.

त्यांनी फोटोकडे एकदाच पाहिले आणि उठून आतल्या खोलीत गेल्या. एवाल्टला वाटले, चुकले आपले. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चौकट होती. तेच लाकूड. तोच फोटो.

"काकांनी दोन काढून घेतले होते," त्या म्हणाल्या. "एक आम्हाला दिला. दुसरा कुणाला दिला, ते आम्हाला कधी कळलं नाही."

एवाल्टने कप उचलला आणि तसाच परत ठेवला.

"आमच्या बार्मेनच्या लीना हाल्बाखला," तो म्हणाला. "त्यांना मुलगी झाली. टिल्डे. माझी बायको."

"आहे?"

"जूनमध्ये गेली."

गेजीनेबाईंनी मान हलवली. मग खण उघडून त्यांनी एक कार्ड काढले आणि त्याच्यापुढे ठेवले. मार्च १९१८ चा शिक्का होता. पेन्सिलीने लिहिलेल्या चारच ओळी होत्या. इस्टरला सुट्टी मिळेल. बार्मेनहून कुणाला तरी बरोबर घेऊन येतो, आणि ती यापुढे आपल्याच घरची. आईला सांगा, दोन पाने जास्त मांडा.

"मी नऊ वर्षांची होते. इस्टरच्या आधी तार आली. तरी आजीनं दोन पानं मांडली. काकांचं आणि त्या बाईचं. ती तरी येईल म्हणून. नाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही, शोधणार कुठं? पुढच्या वर्षीही मांडली."

एवाल्टने पाकिटातून टिल्डेचा फोटो काढून दिला. बाई तो खिडकीशी घेऊन गेल्या.

"कान आमचा आहे," त्या म्हणाल्या. "डावा. माझ्या वडिलांचाही असाच होता. फार चिडवायचे सगळे."

"पदक कशाचं होतं?"

"नदीचं. थंडीत बर्फ फुटून बिअरवाल्याची गाडी आत गेली. काकांनी उडी टाकून गाडीवान बाहेर काढला. काकांच्या दुप्पट वजनाचा. घोडा आपला आपण निघाला. काका घरी आले ते एका बुटात, आणि आजीनं पदकाचं कौतुक नंतर केलं, आधी बुटावरून झापलं." त्या प्रथमच हसल्या. मग त्याच्याकडे निरखून पाहिले. "म्हणजे तू माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्या घरचा जावई. आणि सत्तर वर्षांनी पहिल्यांदा येतोस, तेही रिकाम्या हातानं?"

"मला कुठं माहीत होतं?"

"असू दे. जेवल्याशिवाय जायचं नाही."

त्यांनी टेबल मांडले. दोन पाने त्या दोघांची झाली. मग त्यांनी फडताळातून आणखी एक ताटली काढली, पुसली, तिसऱ्या खुर्चीपुढे ठेवली. जूननंतर प्रथमच त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतले.

निघताना त्यांनी स्वच्छ शिक्षिकेच्या अक्षरात कागद लिहून दिला: मी, गेजीने ओनकेन, हे लिहून देते की मथिल्डे, म्हणजेच टिल्डे, ही माझे काका कॅप्टन आयलर्ट ओनकेन यांची मुलगी होती, आणि आमच्या घरात तिची वाट पाहिली जात होती. खाली चर्चचा शिक्का घेतला.

परत आल्यावर एवाल्ट सरळ हॉर्स्टच्या अंगणात गेला. हॉर्स्टने कागद दोनदा वाचला, हात पँटला पुसून.

"स्मशानाच्या कचेरीतला तो हडकुळा कुरकुर करेल. नोंदीत हाल्बाख आहे म्हणेल."

"करू दे."

"मी काय सांगू त्याला?"

"सांग, उसनं होतं. परत केलं."

हॉर्स्टने कानामागची पेन्सिल घेतली आणि पाठकोऱ्या कागदावर एकेक अक्षर विचारून लिहिले: टिल्डे कोट्झीपर, जन्मनाव ओनकेन. कागद त्याने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. गुरुवारी डॉक्टरांनी टेबलाच्या रजिस्टरमध्ये 'अज्ञात अधिकारी, हाम्बुर्ग' ही नोंद स्वतःच्या हाताने खोडली, खाली खरे नाव लिहिले आणि ओळखणाऱ्याच्या जागी लिहिले: ए. कोट्झीपर, विणकर. एवाल्टने पेन मागून घेतले आणि आपल्या नावाआधी टिल्डेचे घातले.

नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या रविवारी, तो कबरीवर गेला. बरोबर गेजीनेबाई होत्या. गाडीचा प्रवास केल्याबद्दल सकाळपासून तक्रार करत होत्या. त्यांनी फुले ठेवली. एवाल्टने देवदाराच्या फांद्या मातीवर अंथरल्या. मध्यभागी माती अजून खचत होती.

दगड हॉर्स्टच्या अंगणात ताडपत्रीखाली होता. त्यावर अजून एकही अक्षर कोरलेले नव्हते, पण काय कोरायचे ते आता खिळ्यावरच्या कागदावर होते.